देवपूरहून आणलेले स्पीकर

जळगावातल्या मेहरूणच्या आमच्या घरात सकाळ व्हायची ती मागच्या डाळमिलच्या चाळणीनं. आधी मोटर गुरगुरायची, मग पट्टा चढायचा आणि मग ती लांबलचक लोखंडी चाळणी हलायला लागायची, खस्सखस, खस्सखस, ते थेट दिवेलागणीपर्यंत. डाळीची पिवळी धूळ आमच्या दोरीवरच्या कपड्यांवर बसायची. आई रोज कपडे झटकायची आणि रोज मिलच्या मालकाला दोन शब्द ऐकवायची, जे त्याच्यापर्यंत कधीच पोचायचे नाहीत. स्वयंपाकघरात कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडदाच्या पिठाची, तव्यावर टाकताना तिचा हातही त्या चाळणीच्या ठेक्यात पडायचा. तिला ते माहीत नव्हतं. मी सांगितल्यावर ती म्हणाली, "तुला बरं असलं दिसतं. अभ्यासातलं काही दिसत नाही."

बाबा नगरपालिकेच्या शाळेत मास्तर होते. वर्षभर गाणं म्हणून त्यांच्या तोंडून निघायचं नाही, पण जयंतीच्या आदल्या आठवड्यात ते कपाटावरची पेटी उतरवायचे आणि वस्तीतल्या पोरांना गाणी बसवून द्यायचे. त्यांच्या त्या गाण्यांतून मी वाजवायला शिकलो, आणि पुढे कॉलेजात गिटार घेऊन जे करायला लागलो ते ऐकून त्यांनी पुन्हा कधी मला पेटीपाशी बोलावलं नाही. आम्ही हेवी मेटल वाजवायचो. जळगावात तेव्हा हा शब्द उच्चारला तर लोकांना भंगाराचा व्यापार वाटायचा. आई आमच्या वाजवण्याला 'दळण' म्हणायची. "झालं का दळण?" असं विचारून ती मागच्या खोलीत चहा आणून ठेवायची. त्या खोलीच्या भिंतींना तिच्याच जुन्या गोधड्या टांगल्या होत्या, आवाज घुमू नये म्हणून. आम्ही तिघं होतो. मी गिटार वाजवायचो. अन्वर, ज्याच्या वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, तो गायचा आणि बास वाजवायचा. आणि ड्रमवर भिकन.

भिकन त्या डाळमिलमध्ये चाळणीवर कामाला होता. धुळ्याकडचा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, जळगावात बहिणीकडे राहायचा. एकदा मी कुंपणाच्या भिंतीवर बसून गिटार छेडत होतो, तर पलीकडून कोणीतरी पत्र्याच्या डब्यावर साथ धरली. चाळणीच्या दर चार हेलकाव्यांना एक ठोका, आणि मध्ये बारीक नक्षी. मी थांबलो तरी तो थांबला नाही. मी भिंतीवरून डोकावलो. डोक्याला रुमाल बांधलेला, भुवयांपर्यंत पिवळा झालेला एक जण म्हणाला, "थांबना काबरं भाऊ? चालू दे ना." त्याचे वडील लग्नाच्या बँडमध्ये ढोल वाजवायचे. त्यांचा मोठा ढोल त्यानं आमच्या खोलीत आडवा ठेवला, शिलाई मशीनची पायपट्टी आणून तिला लाकडी ठोका जोडला आणि पायानं ढोल वाजवायचं साधन तयार केलं. झांजा बँडच्याच. जळगावात तसा ड्रम दुसरा नव्हता, आणि तसा वाजवणाराही नव्हता. आज हे लिहिताना मला कोणाची भीड नाही म्हणून लिहितो, आमच्या तिघांत संगीत खरं कोणाला येत असेल तर ते भिकनला.

पुण्याला तरुण बँडची एक स्पर्धा होणार होती आणि तिच्यासाठी दोन गाण्यांची कॅसेट पाठवायची होती. अन्वरच्या चुलत भावानं आखातातून चार ट्रॅकचा टेपरेकॉर्डर आणला होता. त्यावर एकेक वाद्य वेगवेगळं टिपता यायचं: आधी ढोल, मग तो ऐकत गिटार, मग बास, मग गाणं. ते चार आवाज योग्य मापात एकत्र करायचे, याला मिक्सिंग म्हणतात. आम्ही ते आमच्या घरच्या डेकवर केलं. डेकचे स्पीकर असे घुमायचे की गोधड्या थरथरायच्या. आम्ही एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या. मग ती कॅसेट एका रिक्षातल्या टेपवर लावली, तर ढोल गायब, गिटार म्हणजे नुसतं तेल उडाल्यासारखं चरचरणं, आणि त्यात अन्वर बुडत्या माणसासारखा ओरडतोय. रिक्षावाल्यानं आमच्याकडे बघितलं आणि कॅसेट काढून परत दिली.

घरचे स्पीकर आपल्याला बरं वाटावं म्हणून बनवलेले असतात, आणि स्टुडिओतले स्पीकर, ज्यांना मॉनिटर म्हणतात, ते आहे ते आहे तसं ऐकवण्यासाठी, एवढं मी वाचलं होतं. पण ते मिळणार कुठे? जळगावातल्या दुकानांत मी मॉनिटर म्हटलं की दुकानदार कॉम्प्युटरवाल्याकडे बोट दाखवायचा. एकानं तर मला माझ्याएवढे उंच डबे दाखवले आणि आवाज इतका चढवला की शेजारचा सोनार बाहेर आला. मी हताश होऊन घरी आलो, तेव्हा ढोलाच्या दोऱ्या ताणत बसलेला भिकन म्हणाला, "तू काळजी करू नको भाऊ. देवपूरमा मना मामा शे. मुंबईले स्टुडिओमा व्हता. त्याना घर बठ्ठं सापडस." बठ्ठं म्हणजे सगळं.

मामांचं घर धुळ्याला पांझरा नदीच्या पलीकडे, देवपुरात. आम्ही दोघंच गेलो, रविवारी, मिल बंद असते म्हणून. मामा सत्तरीचे, बनियनवर, डोळ्यांवर जाड चष्मा. आयुष्य मुंबईत मशीन दुरुस्त करण्यात गेलं होतं आणि बोलणंही मुंबईचं झालं होतं. त्यांच्या पुढच्या खोलीत स्पीकरच्या दोन जोड्या होत्या, एका बंद पडलेल्या स्टुडिओतून त्यांनी आणलेल्या. एक मोठी, चकचकीत लाकडाची. दुसरी लहान, काळी, कोपरे उडालेली, बघताच नको वाटावी अशी. मी खिशातून एका नावाजलेल्या परदेशी बँडची कॅसेट काढली. मामांनी ती हातात घेऊन परत दिली.

"दुसऱ्याच्या गाण्यावर स्पीकर निवडू नये," ते म्हणाले. "त्यांनी ते आधीच चांगलं करून ठेवलंय. तुमचं काय आहे ते लावा."

मी आमची कॅसेट दिली. आधी त्यांनी मोठी जोडी लावली. पहिल्या ठोक्यालाच माझ्या छातीत कंप झाला. गिटार भिंतीसारखी उभी राहिली, आणि मला वाटलं, हेच. आमचं संगीत जड, त्याला असलेच स्पीकर हवेत. मी आवाज वाढवायला हात पुढे केला, तर मामांनी उलट तो कमी केला, अगदी बाहेर रस्त्यावरची सायकलची घंटी ऐकू यावी इतका. "मोठ्यानं सगळंच बरं वाटतं बाळा. हळू लावून काय उरतं ते बघ." मग त्यांनी तेच गाणं लहान जोडीवर लावलं.

त्या आवाजाचं वर्णन मी नंतर कितीतरी लोकांना केलं आहे. खोलीतला दिवा लावल्यावर पसारा दिसावा तसं झालं. ढोल एकीकडे, गिटार दुसरीकडे, बास त्यांच्या मधे धडपडत होता. आणि दर काही वेळानं ढोल आणि गिटार एकमेकांपासून सुटत होते. एक ठोका जिथे पडायचा तिथे दोन पडत होते, टडप, टडप. आमच्या डेकच्या घुमण्यात हे कधी कळलंच नव्हतं. मामांनी गाणं पूर्ण होऊ दिलं, चष्मा काढून बनियनला पुसला आणि म्हणाले, "तुमच्यातला एक जण वेगळा चालतोय. कोण ते घरी जाऊन शोधा." बस, इतकंच. भिकननं माझ्याकडे बघितलं. मी नजर वळवली. मला वाटलं, बिचारा ओशाळला.

"ही मोठी घेतो," मी म्हणालो.

भिकननं माझा दंड धरला. "नही भाऊ. हाऊ गोड बोलस, हाऊ खरं बोलस." मोठ्या डब्यावर आणि मग लहान डब्यावर त्यानं बोट ठेवलं. "आपले खरा पाहिजे." मामा हसले. मला ते पटलं असं नाही, पण मामांसमोर मूर्ख ठरायची लाज वाटली, आणि शिकवण्यांचे साठवलेले पैसे देऊन मी ती काळी जोडी घेतली. म्हणजे माझ्या आयुष्यातले पहिले मॉनिटर निवडले ते भिकननं. आजवर मी ते स्वतःच्या नावावर सांगत आलो.

परतीच्या एसटीत एक स्पीकर त्याच्या मांडीवर होता आणि एक माझ्या. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा तो डबा सीटवर ठेवून उतरला आणि कागदात भजी घेऊन आला. मिरची मला तिखट लागते हे लक्षात ठेवून त्यानं कांद्याची आणली होती. तो मधूनमधून माझ्याकडे बघायचा, काहीतरी बोलायची वाट बघत असल्यासारखा. मी खिडकीबाहेर बघत होतो. त्या दीड-दोन तासांत माझं ठरून गेलं होतं की मागे पडतोय तो ढोल. कारण काय, तर मी पुस्तकं वाचून शिकलो होतो आणि तो डाळमिलमध्ये चाळणी हलवायचा. हे इतकं उघड मी तेव्हा मनातही म्हटलं नसेल. पण ज्या बाबांनी आम्हाला माणसाची किंमत त्याच्या कामावरून आणि कपड्यांवरून करू नये हे भाकरीबरोबर भरवलं, आणि ती किंमत लोकांनी आमची कशी केली हे ज्यांनी सोसलं होतं, त्यांचा मुलगा मी. मला हे कळायला हवं होतं.

मी भिकनला सांगितलं की माझी परीक्षा आहे, महिनाभर वाजवायचं बंद. परीक्षा नव्हती. अन्वरला सांगितलं की भिकनला मिलमधून सुटी मिळत नाही, आपण ढोल मशीनवर करू, त्याला ते ठाऊक आहे. मग भुसावळच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून रिदम मशीन आणलं. त्यात ढोल, झांज सगळं आधीच भरलेलं असायचं, वेग ठरवून दिला की ते न थकता वाजत राहायचं. त्यावर मी गिटार टिपली. गोधड्यांची खोली, दुपारची वेळ, बाहेर आई आणि शेजारणी उडदाचे पापड लाटत होत्या आणि त्यांची लाटणी पाटांवर वाजत होती. मामांनी सांगितलं तसा मी आवाज अगदी कमी केला आणि त्या काळ्या स्पीकरांसमोर बसून ऐकायला लागलो.

टडप. टडप. टडप.

तीच जागा. जिथे मला चेव यायचा, तिथेच. मशीन मागे पडू शकत नाही. मी टेप मागे घेतली, पुन्हा ऐकली. मग भिकनबरोबरची जुनी टेप लावली आणि पायानं जमिनीवर ताल धरून नुसता त्याचा ढोल ऐकला, गिटारचा ट्रॅक बंद करून. ढोल सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका रेषेत चालला होता. पुढे पळत होतो तो मी. बाहेर शेजारीण कशावरून तरी मोठ्यानं हसली आणि मला वाटलं, ती मलाच हसली.

कॅसेट पाठवायला अजून बरेच दिवस होते. भिंतीपलीकडे चाळणी चालू होती आणि तो तिथे उभा होता, एका हाकेच्या अंतरावर. मी ती हाक मारली नाही. हाक मारायची तर अन्वरला सांगावं लागलं असतं की मी खोटं बोललो, आणि भिकनला सांगावं लागलं असतं की मी काय समजून बसलो होतो. त्याऐवजी मी रोज दुपारी दार लावून मशीनबरोबर गिटार घोटली, बोटांची कातडी निघेपर्यंत, आणि पुढे पळायचं थांबलो. मग सगळं पुन्हा टिपलं. मिक्सिंग केलं. रिक्षात लावून बघितलं. या वेळी रिक्षावाल्यानं मान हलवली.

दोन दिवसांनी भिकन आला. गावाहून आणलेली भरताची वांगी होती पिशवीत, हिरवी, हातभर लांब. "परीक्षा झायी का भाऊ?" त्यानं विचारलं. आईनं लगेच वांगी भाजायला घेतली. अन्वर बसलेलाच होता. मी काही म्हणायच्या आत तो उत्साहानं म्हणाला, "भिकन, ऐक ना, काय झालंय बघ," आणि त्यानं कॅसेट लावली.

भिकन त्या स्पीकरांसमोर मांडी घालून बसला. पूर्ण गाणं त्यानं डोळे मिटून ऐकलं. संपल्यावर म्हणाला, "चांगलं शे. मना ढोल कोठे शे?"

अन्वर माझ्याकडे बघायला लागला. मी म्हणालो, "मशीन आहे ते. स्पर्धेवाल्यांना तसंच लागतं." भिकनची नजर माझ्यावरून हलली नाही, तेव्हा मी आणखी एक वाक्य बोललो. ते बोलायची काहीच गरज नव्हती. मला खरं काय ते ठाऊक झालेलं होतं, आणि तरी मी बोललो. "तुझा हात जरा मागे पडत होता, भिकन."

"मागे?"

"हो. मामा म्हणाले होते ना."

त्यानं कॅसेट काढून अन्वरच्या हातात दिली. मग म्हणाला, "बरं भाऊ."

आईनं हाक मारली. वाफाळतं भरीत, वर कांद्याची पात आणि शेंगदाणे, आणि भाकरी. तो जेवला. आईला म्हणाला, "अक्का, भरीत एक नंबर व्हयनं." ताट स्वतः धुऊन ठेवलं. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात असताना तो हातगाडी घेऊन आला आणि ढोल, झांजा घेऊन गेला. आईनं विचारलं तर म्हणाला, धुळ्याला लग्नसराई आहे, वडिलांना लागतोय. त्या महिन्यात त्यानं मिलही सोडली.

त्या आठवड्यात बाबांनी एकदाच ती कॅसेट ऐकली, दारात उभं राहून. "नीट झालंय," ते म्हणाले. "पण तो पोरगा कुठाय यात?" मी म्हणालो, तो गावी गेला. बाबांनी वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलाला द्यायचे तसा मला थोडा वेळ दिला. मी तो वापरला नाही. ते आत गेले.

आमची निवड झाली. पुण्याला इंजिनिअरिंगचा एक मुलगा ड्रमवर घेऊन वाजवलं. बक्षीस मिळालं नाही, पण ती कॅसेट ऐकलेल्या एका स्टुडिओच्या मालकानं मला विचारलं, हे मिक्सिंग कोणी केलं? मी म्हणालो, मी. त्यानं मला कामावर घेतलं. पुढची सगळी वर्षं मी तेच काम केलं, त्यावरच घर चाललं, मुली शिकल्या. आता नवी पोरं येतात आणि विचारतात, सर, हेवी म्युझिकसाठी पहिली जोडी कुठली घेऊ? मी त्यांना खोलीबद्दल सांगतो, हळू आवाजात ऐकायला सांगतो, स्वतःचं गाणं लावून बघायला सांगतो. मामांचीच वाक्यं. ती पोरं वहीत लिहून घेतात. त्या स्पीकरांनी मला खरं सांगितल्यावर मी काय केलं, हे मी त्यांना सांगत नाही. ते इथे लिहितो आहे.

मी धुळ्याला गेलो तो बऱ्याच वर्षांनी, एका लग्नाच्या निमित्तानं. मामा वारले होते. त्यांच्याच खोलीत भिकन जळालेल्या मोटरींचं वायंडिंग करत बसला होता, समोर तांब्याच्या तारेची रिळं. केस पिकलेले. त्यानं ओळखलं, खुर्ची पुसून दिली. मी बसलो नाही. म्हटलं, "भिकन, तेव्हा मागे तू पडत नव्हतास. मी पुढे पळत होतो. मला ते कळलं होतं. तुला 'हात मागे पडतो' म्हणालो, त्याच्या आधीच कळलं होतं."

तार गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला, "माले माहीत शे."

"कधीपासून?"

"आठेच समजनं. मामानी गाणं लावं तवयच." त्यानं रीळ खाली ठेवलं आणि समोरच्या जमिनीकडे बोट केलं, म्हणजे इथेच, याच खोलीत. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. "मी म्हनं, तू सांगशी. बस स्टँडवर म्हनं, आते सांगशी. पारोळाले म्हनं, आते सांगशी. मंग घर उनूत."

"तू का नाही बोललास?"

"मी बोलतू तर तुले पटतं का?"

मी विचारलं, आता वाजवतोस का? नाही म्हणाला. ढोल वडिलांबरोबरच्या एका माणसाला दिला, आता कुठे असेल ठाऊक नाही. हे त्यानं इतक्या साधेपणानं सांगितलं, जणू जुन्या सायकलीबद्दल बोलतोय.

आतून त्याची बायको चहा घेऊन आली. कप माझ्या हातात देत तिनं त्याला विचारलं, पाहुणे कोण? मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो, आणि कोणता शब्द ऐकायची वाट बघत होतो ते मला चांगलं ठाऊक होतं.

"जळगावना शेतस," तो म्हणाला. "गिटार वाजाडतस."

मी चहा घेतला आणि निघालो. त्यानं दारापर्यंत येऊन जळगावची गाडी किती वाजता आहे ते सांगितलं.